भरून येणारी जखम, आवळत जाणारे आतडे

मराठवाड्यात शौचावाटे रक्त पडू लागले की त्याला बहुधा दोनपैकी एक नाव मिळते: मूळव्याध किंवा रक्ती आव. पहिल्यावर जडीबुटीपासून क्षारसूत्रापर्यंत नाना उपाय होतात, दुसऱ्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांत आठवडा जातो, थोडे बरे वाटते आणि दोन-तीन महिन्यांनी तेच चक्र पुन्हा सुरू होते. या परिचित नावांआड कधीकधी एक तिसराच विकार दडलेला असतो, ज्यात आतड्याच्या अस्तराला शरीराच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेने जखमा केलेल्या असतात आणि त्या जखमा भरून काढणारी व्यवस्था एकतर अपुरी पडते किंवा वाजवीपेक्षा अधिक जोमाने काम करू लागते. वैद्यकशास्त्र या विकारसमूहाला दाहक आंत्रविकार म्हणते. पेशींना ‘वाढा’, ‘विभागा’, ‘जागा बदला’ असे संदेश देऊन जखम भरण्याचे काम चालवणारी जी प्रथिने शरीरात तयार होतात, त्यांना वृद्धिघटक म्हणतात. गेल्या चार दशकांत या वृद्धिघटकांकडून आंत्रविकाराच्या संदर्भात मोठ्या आशा बाळगल्या गेल्या; त्यांतल्या किती फळाला आल्या आणि किती का फसल्या हे समजून घेतले, तर धाराशिवसारख्या जिल्ह्यातील रुग्णाच्या अडचणींचाही उलगडा बऱ्याच अंशी होतो.

दाहक आंत्रविकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्यापुरता मर्यादित राहतो, गुदाशयापासून सुरू होऊन वरच्या दिशेने सलग पसरतो आणि मुख्यतः आतल्या अस्तरालाच ग्रासतो. रक्तमिश्रित जुलाब, मुरडा आणि सतत शौचाला जावेसे वाटणे ही त्याची लक्षणे. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, परंतु त्याचे आवडते ठिकाण म्हणजे लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तो उजव्या ओटीपोटातील भाग. शिवाय तो आतड्याच्या भिंतीचे सगळे थर पोखरतो, त्यामुळे त्यात आतडे अरुंद होणे आणि भगंदर होणे हे उपद्रव अधिक आढळतात. पहिल्या प्रकाराचे वर्णन लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये केले, तर दुसऱ्याला न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरील क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांच्या १९३२ च्या शोधनिबंधानंतर ओळख मिळाली. त्याच्याही आधी, १९१३ मध्ये, ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झील यांनी असेच रुग्ण नोंदवून त्यांच्या आतड्यांचे गुराढोरांना होणाऱ्या जोन्स रोगाशी असलेले साम्य दाखवले होते. हा रोग शेळ्यांनाही होतो, आणि धाराशिवसारख्या उस्मानाबादी शेळीच्या मुलखात हा धागा कुतूहलाचा वाटणे स्वाभाविक असले, तरी जनावरांतील त्या जंतूमुळे माणसाला क्रोन्स होतो याचा निर्णायक पुरावा शंभर वर्षांतही मिळालेला नाही.

दाहक आंत्रविकार हा श्रीमंत, थंड देशांचा रोग आहे अशी समजूत भारतीय वैद्यकात दीर्घकाळ होती. लुधियानाच्या डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघरी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दर लाख लोकांमागे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे सुमारे ४४ रुग्ण आढळल्याने ती समजूत डळमळली. पुढे हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या डॉक्टरांनी खेड्यांतील आरोग्य शिबिरांमधून पोटाच्या तक्रारींचे रुग्ण तपासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा ग्रामीण रुग्णांमधील या विकाराचे प्रमाण शहरी रुग्णांच्या जवळपास असल्याचे दिसले. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील उमरग्याला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते हे लक्षात घेतले, तर हा अभ्यास धाराशिव जिल्ह्याला परका नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत हा जिल्हा होता. अशा ठिकाणी एखाद्या विकाराचे रुग्ण ‘नाहीत’ असे म्हणणे आणि ते ‘शोधले गेलेले नाहीत’ असे म्हणणे यांत फार मोठे अंतर असते.

वृद्धिघटकांचे काम समजण्यासाठी आधी आतड्याच्या अस्तराकडे पाहावे लागते. हे अस्तर म्हणजे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा एकच पातळ थर असतो, आणि आतड्यातील अब्जावधी जंतू व शरीराचा आतला भाग यांच्यामध्ये तेवढाच पडदा असतो. या पेशी चार-पाच दिवसांत झिजून गळतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. नव्या पेशी अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशींपासून तयार होतात. नेदरलँड्सचे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये या मूलपेशींची खूण पटवणारे प्रथिन दाखवून दिले आणि दोनच वर्षांनी एकेका मूलपेशीपासून प्रयोगशाळेत चिमुकले आतडे वाढवूनही दाखवले. ते वाढवताना पोषक द्रवात काही मोजके वृद्धिघटक घालावे लागतात, आणि ते काढून घेतले की वाढ थांबते. प्रत्येक वृद्धिघटकासाठी पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट ग्राही, म्हणजे तो संदेश झेलणारे प्रथिन, असते. ग्राही नसेल तर संदेश कितीही मोठा असला तरी त्या पेशीला तो पोहोचत नाही.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध घटक आतड्यात नव्हे, उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. अमेरिकेतील सेंट लुईस येथे रीटा लेव्ही-माँटाल्चिनी या चेतातंतूंच्या वाढीचा अभ्यास करत असताना त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी नवजात उंदरांना लाळग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा आठवडाभर आधी उघडले आणि दातही लवकर आले. दुसरा एखादा संशोधक याला अर्कातील अशुद्धी समजून सोडून देता. कोहेन यांनी तिचाच पाठपुरावा करून ५३ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन वेगळे केले, ज्याला बाह्यत्वचा वृद्धिघटक किंवा संक्षेपाने ईजीएफ म्हणतात. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. माणसाच्या लाळेत, मातेच्या दुधात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या ग्रंथींतही ईजीएफ असते, हे पुढे स्पष्ट झाले. लंडनचे निकोलस राइट आणि सहकारी यांनी १९९० मध्ये त्याहून लक्षवेधी गोष्ट दाखवली: आतड्यात जुनाट व्रण झाला की त्याच्या काठावर एक नवाच पेशीसमूह उगवतो आणि तो जागच्या जागी ईजीएफ पाझरू लागतो. याचा अर्थ क्रोन्सच्या रुग्णाचे आतडे हातावर हात ठेवून बसलेले नसते. दुरुस्तीचा प्रयत्न तेथे चालूच असतो, पण दाहाच्या वेगापुढे तो मागे पडतो.

मग हा घटक बाहेरून दिला तर? ईजीएफ हे प्रथिन असल्याने गिळल्यास जठरात आणि आतड्यात ते बऱ्याच अंशी पचून जाण्याची भीती असते, म्हणून ब्रिटनमधील डॉक्टरांनी ते थेट गुदमार्गे, बस्तीच्या रूपात देण्याचे ठरवले. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात सौम्य ते मध्यम कोलायटिस असलेल्या २४ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे रोज ईजीएफचा बस्ती आणि उरलेल्यांना औषधविरहित बस्ती दिला गेला. दोन्ही गटांना मेसालामिन हे नेहमीचे औषध चालू होते. दोन आठवड्यांनी ईजीएफच्या गटातील १२ पैकी १० रुग्णांचा आजार शमला होता, दुसऱ्या गटातील १२ पैकी केवळ एकाचा. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा दाह दाबण्याऐवजी जखम भरण्यावर आधारलेल्या उपचाराचे युग सुरू होत आहे असे अनेकांना वाटले.

ते युग आले नाही. २४ रुग्णांच्या चाचणीवर औषध उभे राहत नाही, आणि त्यानंतरची मोठी, निर्णायक चाचणी झालीच नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका वृद्धिघटकाची, म्हणजे अस्तराच्या पेशी वाढवणाऱ्या केराटिनोसाइट वृद्धिघटकाच्या रिपिफर्मिन नावाच्या रूपाची, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये शिरेवाटे चाचणी झाली आणि ती निष्फळ ठरली. गंमत अशी की याच कुळातील पॅलिफर्मिन हे औषध कर्करोगाच्या उपचारांत तोंडाला येणाऱ्या फोडांसाठी अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले. पण खरी अडचण त्याहून खोल होती. जी पेशी ‘विभाजित हो’ हा संदेश ऐकते, तिच्यात आधीच जनुकीय बिघाड झालेला असेल तर तीही तो संदेश ऐकणारच. मोठ्या आतड्याचा बराच भाग व्यापणारा कोलायटिस आठ-दहा वर्षे टिकला तर तेथे कर्करोगाची शक्यता वाढते आणि म्हणूनच अशा रुग्णांना साधारण आठव्या वर्षानंतर ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करावी लागते. याच मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर सेटुक्सिमॅब नावाचे जे औषध वापरले जाते, ते ईजीएफचाच ग्राही बंद करते. एका रोगात जो दरवाजा उघडायचा, त्याच रोगाच्या उपद्रवात तोच बंद करायचा, अशा स्थितीत औषधकंपन्यांनी हात आखडता घेतला यात आश्चर्य नाही. तरीही एवढ्या स्पष्ट निष्कर्षानंतर दीर्घकाळ पाळत ठेवून एक मोठी चाचणी तरी व्हायला हवी होती. ईजीएफ हे जुने, बनवायला फारसे महाग नसलेले आणि कुणाच्या एकाधिकारात न बसणारे प्रथिन आहे, हेही या उदासीनतेचे एक कारण असावे.

ईजीएफपेक्षाही अधिक गुंतागुंतीचा स्वभाव टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाचा आहे. त्याचे पहिले काम रोगप्रतिकारक पेशींना आवर घालण्याचे. १९९२ मध्ये ज्या उंदरांतून त्याचे जनुक काढून टाकले गेले ते जन्मानंतर तीन आठवड्यांच्या सुमारास अनेक अवयवांत भडकलेल्या दाहाने मेले, यावरून हा लगाम किती महत्त्वाचा आहे ते कळते. दाहक आंत्रविकाराच्या रुग्णांच्या आतड्यात टीजीएफ-बीटा कमी नसते, उलट पुष्कळ असते. पण जोव्हानी मोंतेलेओने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की तेथील पेशींत स्मॅड-७ नावाचे एक प्रथिन वाढलेले असते आणि ते टीजीएफ-बीटाचा संदेश पेशीच्या आतच अडवते. स्मॅड-७ हटवले तर लगाम पुन्हा काम करील, या तर्कावर मोंगर्सेन हे तोंडावाटे घेण्याचे औषध तयार झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्रोन्सच्या १६६ रुग्णांवरील चाचणीत सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांचा आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांचा आजार शमल्याची नोंद झाली. मात्र त्या चाचणीत आतड्यातील व्रण खरोखर भरले का, हे दुर्बिणीतून पाहण्यावर भर नव्हता. रुग्णांनी सांगितलेल्या लक्षणांवर बरेच काही अवलंबून होते. २०१७ मध्ये पुढच्या टप्प्याची मोठी चाचणी अपेक्षित लाभ दिसत नसल्याने मध्येच थांबवण्यात आली.

टीजीएफ-बीटाचे दुसरे काम मात्र कुणी न अडवता चालू राहते, आणि रुग्णाचे खरे नुकसान तेच करते. जखमेच्या ठिकाणी ते तंतुजनक पेशींना कोलॅजेन तयार करायला लावते, म्हणजे ज्या तंतुमय प्रथिनाने व्रणाची जागा सांधली जाते ते तेथे साठू लागते. एकदाच झालेल्या जखमेत हे काम हिताचे असते. क्रोन्समध्ये मात्र जखम पुन्हा पुन्हा त्याच जागी होते, प्रत्येक वेळी आतड्याच्या भिंतीत थोडे कोलॅजेन वाढते, आणि दरवर्षी दाराच्या चौकटीलगत मातीचे नवे लिंपण चढवत गेले की शेवटी दारच अरुंद व्हावे तसे आतड्याचे होते. इन्सुलिनसदृश वृद्धिघटक आयजीएफ-१ आणि बिंबाणुजन्य वृद्धिघटक पीडीजीएफ हेही या कामात हातभार लावतात. जेवणानंतर पोटात कळ येणे, पोट फुगून गुरगुर होणे, उलटी झाल्यावरच आराम पडणे ही अरुंद आतड्याची लक्षणे. दाह कमी करणारी औषधे आज पुष्कळ आहेत. साठलेले तंतू विरघळवणारे मान्यताप्राप्त औषध एकही नाही. त्यामुळे फुग्याने तो भाग ताणून रुंद करणे, आतडे न कापता त्याची अरुंद जागा उभी चिरून आडवी शिवणे किंवा तेवढा भाग काढून टाकणे, एवढेच उपाय उरतात.

आतडे वाचवणाऱ्या त्या उभ्या चिरेच्या शस्त्रक्रियेचा उगम भारतात आहे, आणि तोही क्रोन्ससाठी नव्हे. आर. एन. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आतड्याच्या क्षयाने अरुंद झालेल्या आतड्यांवर केली आणि १९७७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नंतर इंग्लंडच्या इमॅन्युएल ली यांनी तीच क्रोन्ससाठी उचलली. दोन वेगळ्या रोगांना एकच शस्त्रक्रिया लागू पडावी याचे कारण उघड आहे. क्षयाचा जंतू असो वा स्वतःची प्रतिकारयंत्रणा, आतड्याला जखम कुणीही केली तरी ती सांधणारी यंत्रणा तीच असते, तंतू तेच असतात आणि शेवटी उरणारी अरुंद नळीही तशीच दिसते. धाराशिवच्या रुग्णाची सर्वांत मोठी अडचण नेमकी येथे आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स डिसीज हे दोन्ही उजव्या ओटीपोटात घर करतात, दोन्हींत ताप येतो, वजन घटते, रक्त कमी होते, आणि दोन्हींतील ऊतीच्या तुकड्यात पेशींच्या विशिष्ट गाठी दिसू शकतात. आडवे व्रण, गाठीच्या मध्यभागी झालेला पनीरासारखा पेशीनाश आणि पोटात साठलेले पाणी हे क्षयाकडे बोट दाखवतात. लांबट उभे व्रण, अनेक ठिकाणी तुटक विकार आणि गुदद्वाराजवळचे भगंदर हे क्रोन्सकडे. पण बऱ्याच रुग्णांत यांपैकी काहीच ठळक नसते, आणि थुंकीवर विश्वसनीय ठरणारी जनुकीय क्षयचाचणी आतड्याच्या तुकड्यावर अनेकदा नकारात्मक येते, कारण तेथे जंतू फार थोडे असतात.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात असल्याने येथील डॉक्टर अशा वेळी आधी क्षयाचे औषध सुरू करतात, आणि हे चूक म्हणता येत नाही, कारण क्षयाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. चूक होते ती पुढे. दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले आहेत का हे पाहायचे असते. क्षय असेल तर ते बहुतांशी भरलेले दिसतात. ही दुसरी तपासणी टळली की रुग्ण सहा महिने, कधी नऊ महिने तीच औषधे घेत राहतो, आणि क्रोन्सचा दाह आत अनिर्बंध चालू राहून टीजीएफ-बीटाचे तंतू विणण्याचे काम अव्याहत होत राहते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट आढळली: निदान ठरवण्यासाठी क्षयाची औषधे देऊन पाहिलेल्या क्रोन्स रुग्णांमध्ये आतडे अरुंद होण्याची शक्यता वाढते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांमध्ये तर ही दुसरी तपासणी टळण्याची शक्यता अधिकच. ती ठरलेल्या महिन्यात व्हायची तेव्हा रुग्ण एखाद्या कारखान्याच्या तळावर कोयता चालवत असतो.

वृद्धिघटकांचा मुलांवर होणारा परिणाम आणखी वेगळ्या प्रकारचा आहे. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून निघणारे वृद्धिसंप्रेरक यकृताला आयजीएफ-१ तयार करायला लावते आणि हाडांची लांबी वाढते ती मुख्यतः या आयजीएफ-१ मुळे. क्रोन्सच्या मुलांत दाहजनक प्रथिने, विशेषतः टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६, यकृताला वृद्धिसंप्रेरकाबाबत बहिरे करतात. त्यात भूक मंदावल्याने अन्नही कमी पडते, आणि रक्तातील आयजीएफ-१ घसरते. त्यामुळे काही मुलांची उंची पोटदुखी सुरू होण्याच्या आधीपासूनच खुंटलेली असते. कुपोषण ही ज्या भागात रोजची बाब आहे तेथे असे मूल ‘अशक्त’ म्हणून बाजूला पडते आणि त्याला टॉनिकच्या बाटल्या मिळतात. दाह आटोक्यात आल्यावर आणि पोषण सुधारल्यावर आयजीएफ-१ पुन्हा वाढते, मात्र हे हाडांची टोके जुळून येण्यापूर्वी, म्हणजे पौगंडावस्था संपण्याआधी घडावे लागते. गंमत म्हणजे हाच आयजीएफ-१, जो रक्तात कमी पडल्याने उंची खुंटते, तो आतड्याच्या भिंतीत स्थानिक पातळीवर वाढून तंतू साठवण्यास मदत करतो.

क्रोन्सच्या मुलांसाठी जगभर मान्य असलेला एक उपचार औषधाचा नसून आहाराचा आहे: सहा ते आठ आठवडे नेहमीचे जेवण पूर्ण बंद ठेवून केवळ ठरावीक घटकांचे द्रव पोषण द्यायचे. त्याने आतड्याचा दाह स्टेरॉइडइतकाच शमतो आणि वाढ मात्र खुंटत नाही. अशा एका पोषणद्रवात दुधातील केसिन अशा रीतीने वेगळे काढलेले असते की त्यातील नैसर्गिक टीजीएफ-बीटा-२ टिकून राहते. पण हे टीजीएफ-बीटा नसलेल्या पोषणद्रवांनीही सारखाच गुण येतो असे आढळल्याने त्याचा वाटा नेमका किती, हा वाद मिटलेला नाही. दुधातील वृद्धिघटकांचा विषय निघाला की धाराशिव जिल्ह्यातील भूम-परंड्याच्या खव्याच्या मुलखात खरवसाची आठवण होणारच. व्यालेल्या गाई-म्हशीच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, आयजीएफ आणि टीजीएफ-बीटा भरपूर असतात, आणि २००२ मध्ये ब्रिटनमध्ये गाईच्या चिकाचा बस्ती देऊन १४ कोलायटिस रुग्णांवर एक प्राथमिक चाचणीही झाली, तिचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. परंतु वाफवून केलेल्या खरवसात त्यातील कित्येक प्रथिनांची मूळ घडी मोडते, जठरात उरलेल्यांचे पचन होते, आणि दुधातील साखर न पचणाऱ्या रुग्णाला उलट जुलाब वाढण्याची भीती असते. खरवस आवडीने खावा; औषध म्हणून त्याकडे पाहण्यास आज आधार नाही, आणि चिकाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या चूर्णांनाही नाही.

उरलेल्या घटकांपैकी काहींचा उल्लेख पुरेसा आहे. रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ सुजलेल्या आतड्यात नव्या, गळक्या रक्तवाहिन्या तयार करून दाहाला रसद पुरवते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तयार होणारे एफजीएफ-१९ यकृताला पित्ताम्ले कमी करण्याचा संदेश देते. क्रोन्सने तो भाग खराब झाला किंवा कापला गेला की हा संदेश थांबतो, जास्तीची पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरतात आणि दाह शमलेला असतानाही पाण्यासारखे जुलाब होत राहतात. अशा जुलाबांवर दाहाची औषधे वाढवणे व्यर्थ असते, पित्ताम्ले बांधून ठेवणारे साधे औषध उपयोगी पडते. ही एक गोष्ट माहीत असल्याने अनेक रुग्णांचा त्रास आणि खर्च वाचू शकतो. जीएलपी-२ या आंत्रसंप्रेरकावर आधारित टेडुग्लुटाइड हे औषध वारंवार शस्त्रक्रियांमुळे आतडे फार तोकडे उरलेल्या रुग्णांसाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि आतड्याच्या अस्तराची वाढ घडवणारे हे एक खरेखुरे यश आहे, पण त्याची किंमत सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेरची आहे.

आज प्रत्यक्षात जे उपचार होतात ते वृद्धिघटक पुरवत नाहीत, तर त्यांच्या वाटेतील अडथळा दूर करतात. मेसालामिन, मोजक्या काळापुरते स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन आणि टीएनएफला बांधून टाकणारी जैविक औषधे दाह खाली आणतात, आणि मग व्रण भरण्याचे काम आतड्याचे स्वतःचे वृद्धिघटक करतात. म्हणूनच आता ‘जुलाब थांबले’ एवढ्यावर समाधान न मानता दुर्बिणीतून अस्तर भरलेले दिसणे हे उपचाराचे लक्ष्य मानले जाते. टीएनएफविरोधी औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी मान्य झाले. भारतात अडालिमुमॅबची देशी आवृत्ती झायडस कॅडिलाने २०१४ च्या अखेरीस आणल्यानंतर या औषधांच्या किमती उतरू लागल्या. टीएनएफ हे क्षयाच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवण्याचेही काम करत असल्याने ही औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी अनिवार्य आहे. धाराशिव येथे २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि सोलापूर व लातूर येथील शासकीय महाविद्यालयेही जवळ आहेत. त्यामुळे निदानासाठी थेट मुंबई-पुणे गाठण्याची वेळ प्रत्येकावर येऊ नये.

शौचावाटे रक्त किंवा जुलाब चार आठवड्यांहून अधिक टिकले, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागले, वजन घटू लागले किंवा मुलाची उंची थांबली, तर मूळव्याध गृहीत धरून बसू नये; विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी आतड्यात दाह आहे की नाही हे सांगते आणि त्यानंतरची कोलोनोस्कोपी तो कोणता ते. क्षयाची औषधे सुरू करायचे ठरलेच, तर ती सुरू करण्यापूर्वी ऊतीचा तुकडा तपासायला गेला आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, दोन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवावी, आणि ऊसतोडीला जायचे असेल तर ती तारीख आगाऊ उचल घेण्यापूर्वी मुकादमाला सांगावी.